शेळीचे दूध, गाढविणीचे दूध : गुण किती आणि समजूत किती?

(चितेगाव, ता. पैठण येथील शेतकरी बैठकीत केलेले भाषण)



आज मी पिकांविषयी बोलावे अशी आपली अपेक्षा असेल. मी कृषिविद्येचा अध्यापक आहे, पशुवैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. तरीही आज दुधाविषयी बोलणार आहे, कारण चारा हा माझा विषय आहे आणि चाऱ्याचे शेवटी दूधच होते. दुसरे कारण घरचे आहे. ते आधी सांगतो.

माझी मुलगी आठ महिन्यांची असताना तिला खोकला झाला. त्याच वेळी गल्लीत ‘गाढविणीचं दूध घ्या’ अशी आरोळी आली. माझ्या आईने मायेपोटी चमचाभर दूध विकत घेतले व कच्चेच पाजले. आता दूध दिले आहे, गुण येईल, म्हणून आम्ही दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी मुलीची छाती भरली. दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा तो न्यूमोनिया निघाला. मुलगी बरी झाली. दोष त्या दुधाचा नव्हता, पण दुधावर विसंबून आम्ही दोन दिवस घालवले हे खरे. म्हणून या दोन दुधांत खरे गुण कोणते आणि नुसती समजूत कोणती, हे आज आपण नीट पाहू या.

शेळीचे दूध

आपल्या मराठवाड्याची शेळी म्हणजे उस्मानाबादी. जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले असले तरी जातीचे नाव तेच आहे. काळी, काटक आणि बहुधा जुळी करडे देणारी ही शेळी मुख्यतः मांसासाठी पाळली जाते. ती दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर दूध देते. नाशिक, अहिल्यानगर, पुणे या भागांतील संगमनेरी शेळी दूध व मांस या दोन्हींसाठी पाळतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या परिचित तक्त्यांनुसार १०० ग्रॅम शेळीच्या दुधात सुमारे ३.३ ग्रॅम प्रथिने, ४.५ ग्रॅम स्निग्धांश व १७० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गाईच्या दुधात हेच आकडे ३.२, ४.१ व १२० असे, तर म्हशीच्या दुधात ४.३, ६.५ व २१० असे आहेत. म्हणजे शेळीचे दूध गाईच्या दुधापेक्षा कमी कसाचे नाही. त्यातील स्निग्धांशाचे कण बारीक असल्याने ते दुधात पसरून राहतात, साय लवकर वर येत नाही आणि दूध पचायला हलके वाटते. शेळी चाऱ्यातील कॅरोटीनचे रूपांतर अ जीवनसत्त्वात करते, म्हणून तिचे दूध पांढरेशुभ्र दिसते.

गांधीजींनी गाई-म्हशीचे दूध वर्ज्य केले होते. १९१९ मध्ये आजारपणात कस्तुरबांनी सुचवल्यावरून त्यांनी शेळीचे दूध सुरू केले, हे आपण ऐकले असेलच. गरिबाची गाय हे नाव शेळीला उगीच मिळालेले नाही.

आता उणीव सांगतो. शेळीच्या दुधात फोलिक आम्ल फारच कमी असते. रक्त तयार होण्यासाठी ते लागते. तान्ह्या बाळाला केवळ शेळीच्या दुधावर वाढवले तर त्याला रक्तक्षय होतो. हा प्रकार वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. तसेच ज्या मुलाला गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी आहे, त्याला बहुधा शेळीचे दूधही सोसत नाही. तेव्हा ‘गाईचे चालत नाही, मग शेळीचे पाजा’ हा सल्ला स्वतःच्या मनाने अमलात आणू नये.

पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यूची साथ आली की शेळीच्या दुधाचा भाव चढतो. या दुधाने रक्तातील प्लेटलेट वाढतात असे सिद्ध झालेले नाही. रुग्णाने पौष्टिक पेय म्हणून उकळलेले दूध जरूर घ्यावे, पण औषधाऐवजी नव्हे. आणि आपण विकणाऱ्यांनीही ते औषध म्हणून विकू नये. साथ सरल्यावरही आपल्याकडे गिऱ्हाईक यायला हवे.

गाढविणीचे दूध

आपल्याकडे गाढव दुधासाठी कधी पाळले गेले नाही. कुंभार, वडार, बेलदार, परीट यांच्या कामात ते ओझ्यासाठी होते. मढीच्या आणि जेजुरीच्या यात्रेतला गाढवांचा बाजार आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ट्रॅक्टर व टेम्पो आल्यावर हे जनावर झपाट्याने घटले. पशुगणनेनुसार देशात २०१२ मध्ये गाढवे सुमारे ३ लाख २० हजार होती. २०१९ मध्ये ती १ लाख २० हजारांवर आली. गुजरातेत सौराष्ट्राच्या हलारी गाढवाची जात म्हणून नोंद झाली आहे आणि तिच्या दुधाला मागणीही येऊ लागली आहे.

हे दूध आईच्या दुधासारखे असते असे म्हणतात. ते अर्धे खरे आहे. त्यात साखर आईच्या दुधाइतकी, म्हणजे सुमारे ६ ते ७ टक्के असते. प्रथिने दीड ते पावणेदोन टक्के असून केसीन कमी असते. लायसोझाइम हा जंतुरोधक घटकही त्यात भरपूर असतो. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना हे दूध सोसते, असे इटलीतील डॉक्टरांना आढळले आहे. पण स्निग्धांश बहुधा एक टक्क्याच्या आसपासच असतो. आईच्या दुधात तो साडेतीन टक्क्यांच्या जवळ असतो. म्हणजे बाळाचे पोट भरते, पण अंगाला लागत नाही. शिवाय चमचाभर दुधात किती गुण मावणार? त्या चमच्याला आपण शंभर रुपयांपर्यंत मोजतो. तेवढ्या पैशांत घरात आठवडाभराची अंडी येतात.

गाढवीण दिवसाला थोडेच दूध देते आणि शिंगरू जवळ असल्याशिवाय पान्हा सोडत नाही. ज्यांच्याकडे हे जनावर आहे त्यांनी शिंगराचा वाटा राखून दूध काढावे, स्वच्छ भांड्यात घ्यावे आणि त्याचे खरे गुण सांगून विकावे. तोही एक मानाचा धंदा होऊ शकेल.

धारोष्ण दूध नको

धारोष्ण दूध पौष्टिक, अशी आपली जुनी समजूत आहे. शेळीच्या बाबतीत ती धोक्याची आहे. ब्रुसेल्ला जंतूंमुळे शेळ्या गाभडतात. हेच जंतू कच्च्या दुधातून माणसात येतात. मग ताप येतो-जातो, सांधे दुखतात, घाम येतो आणि महिनोन्‌महिने निदान होत नाही. गाभडलेल्या शेळीचे वार व गर्भ उघड्या हाताने उचलू नका, खोल पुरा. दूध कोणाचेही असो, उकळूनच प्या. उकळल्याने जंतू मरतात आणि दुधाचा कस जवळपास तसाच राहतो.

चांगल्या दुधासाठी

१) चीक व पहिले दोन महिने दूध करडांचे समजा. जुळी करडे असतील तर घरासाठी थोडेच उरेल. करडे मारून दूध विकणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

२) तीस किलोच्या दुभत्या शेळीला रोज ३ ते ४ किलो हिरवा चारा व झाडपाला, अर्धा ते एक किलो वाळला चारा आणि पाव किलो खुराक द्या. बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ लावा. सुबाभळीचा पाला एकूण हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, त्यातील मायमोसीन जनावराला बाधते.

३) दूध काढताना बोकड जवळ नसावा. दुधाला येणारा उग्र वास बरेचदा त्याचाच असतो. कास कोमट पाण्याने धुऊन कोरडी करा.

मातांना एकच सांगणे. पहिले सहा महिने बाळाला फक्त आपले दूध द्या. त्यानंतर वरचे अन्न सुरू करून दोन वर्षे किंवा अधिक काळ अंगावर पाजत राहा. आईचे दूध पुरत नसेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाळ वर्षाचे झाले की दारातल्या शेळीचे उकळलेले कपभर दूध त्याला जरूर द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही द्या. शेळी आपण पाळायची आणि दूध मात्र सगळे विकून टाकायचे, असे करू नका.

आणि बाळाला धाप लागली, दूध पिईनासे झाले, छाती आत ओढली जाऊ लागली, तर गल्लीत कोणती आरोळी येते याची वाट पाहू नका. त्याच घटकेला दवाखाना गाठा. माझ्या घरात दोन दिवस गेले. आपल्या घरात दोन तासही जाऊ नयेत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.