आधी पालक बोलतील



पुण्यातल्या या परिषदेत पहिल्या दोन रांगांतल्या खुर्च्या काढल्या आहेत. तिथं मुलांच्या व्हीलचेअर राहतील. भिंतीलगतचे प्लग सक्शन मशीन आणि श्वासाला मदत करणाऱ्या बायपॅपसाठी आहेत. डॉक्टरांनी कृपया तिथं मोबाईल लावू नयेत. (सांगावं लागतं!)

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, हा या परिषदेचा विषय. व्हेर्डनिग यांनी १८९१ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. सदोष जनुक सापडायला १९९५ उजाडलं आणि अमेरिकेत पहिलं औषध मंजूर झालं ते २०१६ च्या डिसेंबरात.

आपल्याकडे आजाराची पहिली शंका कित्येकदा बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईंना येते. "अंग सैल लागतंय हो, पाय मारत नाही." बाळ हसतं, माणसं ओळखतं, नजर लख्ख, पण मान धरत नाही, श्वास पोटानं घेतं. आणि आपण डॉक्टर काय सांगतो? "मुलगा आहे, जरा उशीर होतो." पण थांबायला वेळ नसतो. या आजारात मज्जारज्जूतल्या गेलेल्या चेतापेशी कुठलंच औषध परत आणत नाही, ते उरलेल्या वाचवतं. गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही, जिभेवर बारीक थरथर दिसते. एवढं पाहायला स्कॅन लागत नाही. मग जनुकीय तपासणी त्याच आठवड्यात पाठवा.

पैशाचं बोलायलाच हवं. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळाच्या १६ कोटींच्या जीन थेरपीसाठी लोकांनी पैसे जमवले, केंद्रानं आयात कर माफ केला. त्याच वर्षी दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं. मदतीची मर्यादा आज ५० लाख, मुंबईत केईएम रुग्णालय हे त्या धोरणाचं एक केंद्र. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर एसएमएवरच्या रिस्डिप्लाम या औषधाची भारतीय बाटली आली आणि लाखांतली किंमत हजारांत उतरली. तरी ते औषध रोज घ्यायचं, जन्मभर.

आणखी एक. आईबाप दोघंही वाहक असले, तर प्रत्येक गर्भारपणात धोका चारात एक. दोष दोघांकडून येतो, बोल मात्र सुनेलाच लागतो. समुपदेशनाला सासूबाईंनाही बोलवा.

कार्यक्रमपत्रिकेत एक बदल आहे. पहिलं सत्र पालकांचं. डॉक्टर वक्त्यांसाठी पंधराव्या मिनिटाला घंटा वाजेल. पालकांसाठी वाजणार नाही.