गावाचे दूरदर्शन

(कुंभारी, तालुका दक्षिण सोलापूर, येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



"दूरदर्शन केंद्र" म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वरळीचा उंच मनोरा उभा राहतो. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. 'आमची माती, आमची माणसं', 'ज्ञानदीप', 'गजरा' या कार्यक्रमांनी एका पिढीवर संस्कार केले, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुणेकरांनाही ते दिसू लागले. तथापि सोलापूरच्या शेतकऱ्याला 'आमची माती' हे नाव तेवढे ऐकून माहीत होते. माती मात्र दिसत नव्हती.

त्याच सुमारास आपल्या शेजारी एक विलक्षण प्रयोग झाला. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या एका वर्षासाठी अमेरिकेचा एटीएस-6 हा उपग्रह भारताला वापरावयास मिळाला आणि सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत सामुदायिक संच बसविण्यात आले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, कर्नाटक होता. आणि कर्नाटकातील निवडलेले जिल्हे होते विजापूर, गुलबर्गा व रायचूर. म्हणजे अक्कलकोटच्या पलीकडची खेडी शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात जमून चित्र पाहत होती, आणि अलीकडच्या खेड्यांत ते पोहोचत नव्हते. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी व संध्याकाळी अडीच तास प्रौढांसाठी, असे रोज चार तास हे प्रक्षेपण चाले. वर्ष संपले, उपग्रह परत गेला आणि पडदे काळे झाले. त्या खेड्यांतील काहींसाठी 1977 मध्ये गुलबर्ग्याला प्रक्षेपण केंद्र उघडण्यात आले.

परंतु उपग्रहावरचे कन्नड कार्यक्रम तयार होत हैदराबादला! रायचूरच्या शेतकऱ्याची भाषा पडद्यावर आली, तरी त्याचे गाव आले नाही. भाषा आपली असली म्हणजे केंद्र आपले होते, असा समज करून घेऊ नये.

या बाबतीत गुजरातमधील खेडा जिल्ह्याचा दाखला मला अधिक मोलाचा वाटतो. तेथे पीज गावी 1975 मध्ये अवघ्या एक किलोवॅटचा प्रक्षेपक बसविला गेला. अहमदाबादच्या अवकाश केंद्रातील मंडळींनी चरोतरच्या बोलीत मालिका केल्या, गावकऱ्यांकडूनच भूमिका करवून घेतल्या. तेथील 'दाद फरियाद' कार्यक्रमात ग्रामस्थ आपले गाऱ्हाणे मांडीत आणि अधिकाऱ्याला कॅमेऱ्यासमोर उत्तर द्यावे लागे. येथे उपस्थित माझ्या सहकाऱ्यांना हे ऐकताना किंचित अवघडल्यासारखे होत असेल; मलाही होते. या प्रकल्पाला 1984 मध्ये युनेस्कोचे ग्रामीण संज्ञापनाचे पारितोषिक लाभले आणि 1985 मध्ये प्रक्षेपण बंद झाले. मोठ्या शहराच्या मोठ्या प्रक्षेपकापुढे लहान केंद्राचा निभाव लागला नाही.

त्याच काळात देशभर जे लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले, ते प्रामुख्याने दिल्लीचे कार्यक्रम सहक्षेपित करीत. मराठी उपग्रह वाहिनी आली 1994 मध्ये. पुढे तिला 'सह्याद्री' हे नाव मिळाले. आता वाहिन्यांची वाण नाही. वाण आहे ती कुंभारीच्या प्रश्नांना जागा देणाऱ्या वेळेची.

हे गाव आता लहान राहिलेले नाही. विडी कामगार भगिनींची दहा हजार घरांची वसाहत 2006 मध्ये येथे झाली. 19 जानेवारी 2024 रोजी रे नगरातील पंधरा हजार घरांचे लोकार्पण झाले. एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी ऐकू येते. विड्या वळणाऱ्या भगिनीचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. तिच्यासाठी कार्यक्रम करणाऱ्याने चित्रापेक्षा बोलण्यावर भर द्यावा, असे माझे मत आहे.

प्रक्षेपकाचा खर्च आता उरलेला नाही. चित्रीकरणाला साधा मोबाईल पुरतो. माझी सूचना एवढीच की, ग्रामपंचायतीने महिन्यातून एकदा अर्ध्या तासाची 'दाद-फिर्याद' करावी. शिक्षकांनी प्रश्न गोळा करावेत, ते चारही भाषांत विचारले जावेत. तलाठी, ग्रामसेवक आणि आरोग्य अधिकारी यांनी समोर बसून उत्तरे द्यावीत. ज्याचे उत्तर मिळाले नाही तो प्रश्न पुढील महिन्यात पुन्हा प्रथम घ्यावा. पहिल्या भागात प्रश्नांना सामोरे जाण्यास कोणी तयार नसेल, तर आरंभ माझ्या कार्यालयापासून करावा. मी येईन.