संगणकातील गहाळ नोंद : शोध आणि दुरुस्ती



शेत जागेवर आहे, बांध जागेवर आहेत, कसणाराही तोच आहे. परंतु संगणकाच्या पडद्यावर सर्व्हे नंबर दिसत नाही. हैदराबाद येथून चालविल्या गेलेल्या ‘धरणी’ या भूमी-अभिलेख प्रणालीत तेलंगणातील अनेक शेतकऱ्यांना हा अनुभव आला.

तेथे सप्टेंबर 2017 मध्ये अभिलेख अद्ययावत करण्याची मोहीम सुरू झाली. वादग्रस्त जमिनी वेगळ्या यादीत ठेवण्यात आल्या. 29 ऑक्टोबर 2020 रोजी ‘धरणी’ सुरू झाली. त्याच वर्षी ग्राम महसूल अधिकाऱ्यांची पदे रद्द झाली. यंत्र आले, पण गावची जमीन ओळखणारा माणूस गेला. चूक दुरुस्त करण्याची सोयही प्रारंभी अपुरी होती. पासबुकात नोंद नसली की विक्री अडते, वारसाची नोंद अडते आणि शासकीय साहाय्यही अडते.

अशा वेळी घाईने नवी नोंद करणे हितावह नसते. नोंद कोठे हरवली, हे प्रथम शोधले पाहिजे. कारणे बहुधा चार असतात. नोंद मुळात भरलीच गेली नसेल. भरली असूनही वादग्रस्त यादीत अडकली असेल. पोटहिस्स्याची खूण कागदावर एक व संगणकात दुसरी असेल. किंवा हिस्स्यांची बेरीज मूळ क्षेत्राहून अधिक झाल्याने संगणकाने ती स्वीकारली नसेल. पहिल्या प्रकारात नोंद भरावी लागते, दुसऱ्यात वादाचा निर्णय, तिसऱ्यात खुणेची दुरुस्ती, तर चौथ्यात क्षेत्राची फेरतपासणी. कारण न पाहता नोंद केल्यास एकाच जमिनीच्या दोन नोंदी होतात व नवा तंटा उभा राहतो.

तपासणीचे साधन साधे आहे, ते म्हणजे बेरीज. समजा, मूळ अभिलेखात एका सर्व्हे नंबरचे क्षेत्र 10 एकर 20 गुंठे आहे आणि पडद्यावरील सर्व हिस्से मिळून 8 एकर 10 गुंठेच भरतात. तर 2 एकर 10 गुंठ्यांचा हिशेब लागत नाही, हे उघड होय. तो शोधण्यासाठी सेतवार व 1954-55 ची खासरा पाहणी हाताशी असावी. 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच असलेल्या मराठवाड्यालाही असे जुने कागद परिचित आहेत.

महाराष्ट्रात 2017 मध्ये संगणकीकृत सातबाऱ्याचे चावडीवाचन झाले, ते हस्तलिखिताशी मेळ घालण्यासाठीच. जे पडद्यावर नाही, ते यंत्राला दिसत नाही. मात्र वाचन ऐकणाऱ्या शेजाऱ्याच्या ध्यानात येते. अक्षरओळख नसलेल्यांना उतारा वाचून दाखविण्याचे व बेरीज करून देण्याचे काम शिक्षकांनी केल्यास फार मोठी मदत होईल.

तेलंगणातही हीच दिशा स्वीकारली गेली. जानेवारी 2024 मध्ये ‘धरणी’च्या अभ्यासासाठी समिती नेमली गेली. 14 एप्रिल 2025 पासून ‘भू भारती’ आली. प्रथम चार मंडलांत तिची चाचणी झाली आणि जून 2025 मध्ये गावोगावी महसूल सभांतून अर्ज घेतले गेले. नव्या कायद्यात अपिलाचीही तरतूद आहे.

शेतकऱ्यांनी जुने कागद जपावेत, उतारा वर्षातून एकदा तरी पाहावा, अर्जाची पोच घ्यावी. अधिकाऱ्यांनी दुरुस्तीचे कारण लिहून ठेवावे व जुनी नोंद पुसू नये. पडद्यावर दिसत नाही म्हणून जमीन नाही, असे उत्तर कोणत्याही कार्यालयातून दिले जाऊ नये.