बालकाची मूक भाषा आणि परिचारिकेचे व्रत



मठाच्या वर्धापनदिनी दूरदूरच्या गावांहून कुटुंबेच्या कुटुंबे दर्शनाला येतात. त्यांत बहुधा एखादे तान्हे मूल असते. आजी त्याला देवापुढे ठेवते, कपाळी अंगारा लावते आणि ओठांतल्या ओठांत काही तरी मागते. त्याच गर्दीत एखादी माता अशीही असते, की जिचे मूल वर्षाचे झाले तरी मान धरीत नाही, किंवा हाक मारली तरी वळून पाहत नाही. ती सर्वांच्या मागे उभी राहते. कोणी विचारू नये म्हणून ती पदराने मूल झाकून घेते. अशा मातेच्या शेजारी जाऊन उभे राहणे हा ज्यांचा धर्म आणि व्यवसाय आहे, त्या बालपरिचारिकांच्या कार्याचा परिचय करून देणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

आजारी मुलासाठी वेगळी परिचारिका असावी, ही कल्पना फार जुनी नाही. लंडनमध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथे डॉ. चार्ल्स वेस्ट यांच्या पुढाकाराने १८५२ साली मुलांचे रुग्णालय उघडले, तेव्हा त्यात अवघ्या १० खाटा होत्या. तेथेच सेवेत वाढलेल्या कॅथरिन वुड या विदुषीने पुढे असा आग्रह धरला, की आजारी मुलांची शुश्रूषा ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती स्वतंत्रपणे शिकविली पाहिजे. या आग्रहामागचे कारण साधे आहे. मोठ्या माणसाला कोठे दुखते ते सांगता येते. तान्ह्या मुलाजवळ शब्द नसतात. त्वचेचा रंग, श्वासाची गती, रडण्याचा सूर, दूध ओढण्याची ताकद, एवढीच त्याची वर्णमाला. ती वाचण्यास डोळा लागतो, आणि तो डोळा अहोरात्र खाटेजवळ राहिल्यावाचून येत नाही.

या डोळ्याने काय साधते, याचे एक उदाहरण मनात ठेवण्यासारखे आहे. इंग्लंडातील एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथील रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा विभाग सिस्टर वॉर्ड या परिचारिकेच्या देखरेखीखाली होता. कोंदट खोलीपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बालकांना मानवते, अशी तिची समजूत होती. म्हणून उन्हाळ्याच्या प्रसन्न दिवशी ती त्या नाजूक जीवांना अंगणात नेई. १९५६ साली एके दिवशी तिने डॉक्टरांना एक बालक उघडे करून दाखविले. त्याचे सारे अंग फिकट झाले होते. मात्र एक त्रिकोणी भाग गडद पिवळा राहिला होता. काही रंगीत औषध लावले असावे, असे डॉक्टरांना प्रथम वाटले. सिस्टरने खुलासा केला तो वेगळाच. तेवढ्या भागावर चादरीचा कोपरा होता. पिवळेपणा नव्याने आला नव्हता. जेथे ऊन पोहोचले तेथे कावीळ ओसरली होती आणि झाकल्या जागी ती जशीच्या तशी उरली होती.

पुढे काही आठवड्यांनी कावीळ झालेल्या एका बालकाच्या रक्ताची नळी खिडकीतल्या उन्हात राहून गेली. तपासणीत बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी भरले. दोन्ही गोष्टींची सांगड घालून क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स या तिघांनी निळसर दिव्यांचा पाळणा तयार केला आणि आपला अनुभव १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केला. अमेरिकेत डॉ. ल्यूसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली शास्त्रशुद्ध तुलना करून त्यास दुजोरा दिला, आणि मग हा प्रकाशोपचार सर्वत्र रूढ झाला. आज जिल्ह्याच्या रुग्णालयातही निळ्या प्रकाशाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून निजलेले बालक दिसते. त्याच्या त्या निजेचे ऋण एका परिचारिकेच्या निरीक्षणाकडे जाते.

यात केवळ त्वचेच्या रंगाचा प्रश्न असता तर एवढी धडपड कोणी केली नसती. तांबड्या रक्तपेशी मोडल्या म्हणजे बिलिरुबिन तयार होते. नवजात बालकाचे यकृत अजून कच्चे असल्यामुळे ते साचते. बहुतेक बालकांत ते आपोआप ओसरते. परंतु प्रमाण फार वाढले तर ते मेंदूच्या खोल भागात शिरते आणि तेथील हानी भरून येत नाही. असे मूल जगले, तरी त्याचे हातपाय वेडेवाकडे हलत राहतात आणि पुष्कळदा त्याला ऐकू येत नाही. निळ्या प्रकाशाने या द्रव्याचे रूप पालटते व ते शरीराबाहेर पडू शकते. म्हणून जन्मल्यापासून पहिल्या २४ तासांतच बालक पिवळे दिसले, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, किंवा बालक सुस्त होऊन अंगावर पिईनासे झाले, तर घरातल्या कोवळ्या उन्हावर विसंबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. सिस्टर वॉर्डच्या कथेचा अर्थ घरगुती उपाय पुरे असा घेणे म्हणजे तिच्या दक्षतेचाच विपर्यास होय.

भूतदया हा परिचर्येचा पाया खरा. पण ज्ञानावाचूनची दया कधी कधी घात करते, हेही याच क्षेत्राने शिकविले आहे. १९४० नंतरच्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बालकांना प्राणवायू सढळ हाताने देण्याचा प्रघात पडला आणि जगलेल्या बालकांत अंधत्वाची साथच आली. जगभर सुमारे १०,००० मुलांची दृष्टी अशी गेली, असा अंदाज आहे. अतिरिक्त प्राणवायूचा यात दोष असावा, अशी शंका ऑस्ट्रेलियातील डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ साली व्यक्त केली. त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये याची परीक्षा चालली असता, काही परिचारिका रात्री गुपचूप प्राणवायूची कळ वाढवीत. बालकाला कमी हवा देणे त्यांना निर्दयपणाचे वाटे. त्यांचे अंतःकरण निर्मळ होते. तरीही, जो वायू त्या मायेने देत होत्या तोच डोळे हिरावीत होता. म्हणून आजच्या परिचारिकेला मायेइतकेच मापही सांभाळावे लागते. थेंब मोजणे, श्वास मोजणे, प्राणवायू मोजणे, आणि मोजलेले प्रामाणिकपणे लिहून ठेवणे, हा तिचा नित्यनेम आहे.

बालक जगविणे साधू लागले, तेव्हा पुढचा प्रश्न उभा राहिला: ते जगेल खरे, पण त्याची बुद्धी, वाणी आणि चाल यांचे काय? बोस्टन येथील हायडेलिस आल्स यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की उबेच्या पेटीतले दीड-दोन पौंडांचे बालकही आपले सुखदुःख कळवीत असते. बोटे फाकणे, वारंवार जांभई देणे, रंग पालटणे, पाठ ताठ करणे या त्याच्या तक्रारी आहेत. हात तोंडाशी नेणे आणि अंग मुडपून शांत पडणे ही त्याच्या समाधानाची खूण आहे. तेव्हापासून जाणत्या विभागांतून दिवे मंद झाले, आवाज खाली आले, बालकाभोवती कापडाचे घरटे करण्यात येऊ लागले आणि त्याची झोप मोडून सुई टोचण्याची घाई थांबली. कोलंबिया देशातील बोगोटा शहरी उबेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एडगार रे यांनी १९७८ साली बालक आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. आईची ऊब पेटीच्या उणिवेपोटी आली. पण तिचे गुण पाहून आज मोठमोठी रुग्णालयेही तिचा अवलंब करतात. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी उघडली, तीही याच विचाराची शाखा होय.

घरी गेलेल्या बालकाची वाढ कशाने मोजावी, याचे उत्तर शोधण्यात आपल्या बडोद्याचा वाटा मोठा आहे. तेथील महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांच्या विकासाचा अभ्यास करून त्यांच्यासाठी मानदंड सिद्ध केले. परदेशी मुलांच्या मापाने आपली मुले मोजण्याची अडचण त्यामुळे दूर झाली. बालक दोन महिन्यांच्या सुमारास ओळखीने हसते, चौथ्या महिन्यापर्यंत मान धरते, आठ-नऊ महिन्यांपर्यंत बसते आणि दीड वर्षापर्यंत चालते, हा ढोबळ क्रम प्रत्येक घराला माहीत असावा. दोन महिने आधी जन्मलेल्या बालकाचे वय मात्र ठरलेल्या दिवसापासून मोजावे, नाही तर व्यर्थ चिंता होते.

सीमाभागात, हैदराबादेत वा इंदुरास राहणाऱ्या कुटुंबांस आणखी एक सल्ला पुष्कळदा मिळतो: घरी मराठी आणि बाहेर दुसरी भाषा, म्हणून मूल बोलत नाही, तेव्हा मराठी सोडा. हा सल्ला निराधार आहे. दोन भाषांमुळे मूल मुके होत नाही. दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजूनही ते मागे असेल, तर प्रथम त्याचे कान तपासावे; आजीची भाषा तोडल्याने कान उघडत नाहीत.

हे काम रुग्णालयाच्या चार भिंतींतच होते असे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्या ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू दर हजारी ६२ होते; ते तीन वर्षांत सुमारे २५ वर आले. १९९९ साली ही हकीकत 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झाली. मनगटावर घड्याळ बांधून बालकाचा श्वास मोजणारी गावची बाई आणि रॉचफर्डची सिस्टर, दोघींचे व्रत एकच आहे.

आता त्या मागे उभ्या राहिलेल्या मातेकडे वळले पाहिजे. मूल मागे पडले म्हणजे घरात प्रथम शोध सुरू होतो तो दोषाचा. सुनेचे माहेर निघते, ग्रहण निघते, पूर्वजन्मही निघतो. या शोधात महिने जातात, आणि मेंदू सर्वांत लवचीक असतो तो हाच काळ. नवस अवश्य बोलावा. परंतु नवस फळण्याची वाट पाहत उपचार थांबवू नयेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि विकास खुंटलेल्या मुलांसाठी जिल्हा स्तरावर शीघ्र उपचार केंद्रे योजिली आहेत. तेथील परिचारिका चमत्काराचे आश्वासन देत नाही. मुलाला अर्धवट निजवून भरवू नये, बसते करून भरवावे. उचलताना पाय ताठ होऊ देऊ नयेत. त्याच्याशी समोरासमोर बोलावे. अशा लहान लहान गोष्टी ती शिकविते. या गोष्टींनी मेंदूची जखम पुसली जात नाही. पण जे मूल ठसक्याने दर महिन्यास आजारी पडे ते पडेनासे होते, जे अंथरुणात होते ते उंबऱ्याशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहू लागते. आईच्या दिवसाचे ओझे तेवढे हलके होते.

अशा या व्यवसायाला आपल्या समाजात मान कितीसा आहे? मुलगी डॉक्टर झाली तर पेढे वाटले जातात; परिचारिका होते म्हणाली तर घरात शांतता पसरते. रात्रपाळी, परक्याचे मलमूत्र, लग्न जमण्यातली अडचण, ही कारणे पुढे येतात. मठाच्या पंक्तीत उष्टी काढण्यास जे हात चढाओढीने पुढे येतात, त्याच हातांच्या घरातून ही कारणे निघावीत, याचा प्रत्येकाने विचार करावा. सेवा मठाच्या आवारात पवित्र आणि रुग्णालयात हलकी, असे होऊ शकत नाही. कोणा कन्येने किंवा पुत्राने हे शिक्षण घेण्याची इच्छा दर्शविली, तर तिला आशीर्वाद द्यावा.

आणि आज प्रसादाच्या रांगेत पदराआड मूल घेतलेली कोणी माता दिसली, तर तिला पुढे जागा द्यावी. मुलाला काय झाले, असे तिला विचारू नये. त्याचे नाव विचारावे.