दोन क्लब, आठ लाख नावे

श्रोतेहो, आपल्या मराठीत नाव ठेवणे वेगळे आणि नावे ठेवणे वेगळे. बाळाच्या बारशाला आत्या नाव ठेवते. तेच बाळ मोठे झाले की शेजारीपाजारी नावे ठेवतात! पण आत्याने ठेवलेले नाव सरकारनेच पुसून टाकले तर? बल्गेरियात तसे घडले. मला त्याची पहिली ओळख झाली ती फुटबॉलच्या एका हंगामामुळे.

19 जून 1985. राजधानी सोफियात बल्गेरियन कपचा अंतिम सामना होता. एकीकडे लष्कराचा क्लब सीएसकेए, दुसरीकडे लेव्हस्की. 1873 मध्ये फाशी गेलेले क्रांतिकारक वासिल लेव्हस्की यांचे नाव हा क्लब मिरवत असे. सीएसकेएने सामना 2-1 असा जिंकला, पण खेळाडूंमध्ये हाणामारी झाली. सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने दोन्ही क्लब बरखास्त केले. लेव्हस्कीचे त्या वर्षीचे लीग विजेतेपद काढून घेतले. काही खेळाडूंवर आजन्म बंदी आली. त्यांत एकोणीस वर्षांचा ख्रिस्तो स्टोइचकोव्ह होता, लेव्हस्कीचा गोलरक्षक बोरिस्लाव्ह मिहायलोव्हही होता.

1985-86च्या हंगामात दोन्ही संघ उतरले, पण नव्या नावांनी. सीएसकेए झाला 'स्रेदेत्स', म्हणजे सोफियाचे जुने नाव. लेव्हस्की झाला 'वितोशा', म्हणजे शहराशेजारचा डोंगर. त्या वर्षी लीग जिंकली स्तारा झागोरा गावच्या बेरोए संघाने. त्यांचे ते आजवरचे एकमेव विजेतेपद. गंमत पाहा, बेरोए हे त्या गावाचेच प्राचीन नाव!

पण श्रोतेहो, त्याच काळात पुसले जाणारे दुसरे एक नाव होते. 1984च्या डिसेंबरपासून काही महिन्यांत बल्गेरियातल्या सुमारे आठ लाख तुर्की मुसलमानांना सक्तीने स्लाव्ह नावे देण्यात आली. घरी आई ज्या नावाने हाक मारी, ते कागदावरून गेले. कबरींवरची नावेही सुटली नाहीत. वजन उचलणारा नईम सुलेमानोव्ह 'नाउम शालामानोव्ह' झाला. 1986 मध्ये मेलबर्नच्या स्पर्धेतून तो निसटला, तुर्कस्तानात गेला आणि 1988च्या सोल ऑलिंपिकमध्ये नईम सुलेमानोग्लू या नावाने सुवर्णपदक जिंकला.

क्लबांचे पुढे निभावले. खेळाडूंवरची बंदी उठली. 1994च्या विश्वचषकात बल्गेरियाने जर्मनीला हरवून चौथा क्रमांक मिळवला. कर्णधार होता मिहायलोव्ह, आणि स्टोइचकोव्हने सहा गोल केले. तोवर दोन्ही क्लबांना जुनी नावे परत मिळाली होती.

माणसांचे तितके सोपे नव्हते. 1989च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक लोक घरदार सोडून तुर्कस्तानात गेले. 1990 मध्ये कायद्याने नावे परत घेण्याची मुभा मिळाली. 2012 मध्ये बल्गेरियाच्या संसदेने त्या सक्तीचा निषेध केला.

क्लबांनी निदान मारामारी तरी केली होती. त्या आठ लाखांचा गुन्हा कोणता? आईबापांनी ठेवलेले नाव, एवढाच! कवितेत एक शब्द बदलायचा तरी मी रात्र रात्र विचार करतो. इथे आठ लाख शब्द काही महिन्यांत बदलले गेले. मुलाला हाक मारताना ज्या आईने आवाज खाली आणला असेल, तिची आठवण ठेवून मी आपला निरोप घेतो.