मत्स्यपेट्यांची खोली

अवधच्या नवाबांनी मत्स्ययुगुल हे आपले राजचिन्ह केले. लखनौच्या जुन्या दरवाजांवर ते आजही कोरलेले दिसते आणि उत्तर प्रदेश शासनाच्या मुद्रेतही त्याला स्थान आहे. परंतु कमानीवरच्या माशाला ऊन बाधत नाही. जिवंत माशाला बाधते. या शहरात जूनमध्ये पारा ४२ अंशांच्या वर चढतो, तर जानेवारीच्या रात्री तो ५ अंशांच्या आसपास उतरू शकतो. तेव्हा ज्या हौशी गृहस्थाला घरातील एक खोली आठदहा मत्स्यपेट्यांसाठी द्यावयाची असेल, त्याने काच विकत घेण्यापूर्वी हवामानाचा विचार करावा हे बरे.

गच्चीवरची खोली मोकळी असते म्हणून तिचा मोह पडतो. पण उन्हाळ्यात तीच सर्वांत तापते. शिवाय ३ फूट लांब, १ फूट रुंद व १ फूट उंच पेटीत ८५ लिटर पाणी मावते. अशा दहा पेट्या म्हणजे केवळ पाण्याचेच साडेआठशे किलो वजन झाले. तळमजल्यावरील उत्तरेकडची खोली दोन्ही दृष्टींनी उत्तम. हिवाळ्यात तिची दारे-खिडक्या नीट बंद करून सगळी खोलीच उबदार ठेवणे हे प्रत्येक पेटीत निराळा विजेचा तापक बुडवण्यापेक्षा पुष्कळदा सोयीचे पडते.

खरा कसोटीचा काळ उन्हाळ्याचा. २० अंशांच्या पाण्यात दर लिटरास सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३५ अंशांस ७ मिलिग्रॅमही नाही. आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. अशा दुपारी दोन तास वीज गेली, तर दाटीने भरलेल्या पेट्यांतील मासे एकामागून एक पृष्ठभागाशी येऊन तोंडे वासू लागतात. यासाठी एकच मोठा हवेचा पंप, भिंतीलगत फिरवलेली नळी, प्रत्येक पेटीसाठी एक तोटी व स्पंजाची गाळणी, आणि पंपास बॅटरीची जोड, एवढी योजना हवीच. पंप पाण्याच्या पातळीहून उंच टांगावा. नाही तर वीज जाताच पाणी नळीतून उलट उतरते. पाण्यावर पंखा सोडल्यास मे महिन्याच्या कोरड्या हवेत पाणी चांगले निवते, श्रावणातल्या दमट हवेत मात्र फारसे नाही.

नव्या पाण्यात मासे लगेच सोडण्याची घाई सर्वांत महागात पडते. माशांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया विषारी. सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. हे जंतू स्पंजावर स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तथापि एक पेटी अशी तयार झाली की तिच्यातला स्पंज दुसरीत ठेवून काम लवकर होते. अनेक पेट्या बाळगण्याचा हा एक लाभच म्हणावा लागेल. एक पेटी नव्या माशांच्या विलगवासासाठी राखावी आणि तिची जाळी दुसरीकडे वापरू नये.

आता मासे कोणते? दुकानात परदेशी माशांचीच गर्दी असते. पण फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरील १८२२ सालच्या ग्रंथात ज्यांचे वर्णन केले, ते झेब्रा मासा आणि ठेंगणा गोरामी याच प्रदेशाचे रहिवासी आहेत. ऋतूंचे चढउतार त्यांच्या अंगवळणी पडलेले आहेत. झेब्रा मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांतून पाळला जातो. तो पहाटेच्या उजेडात अंडी घालतो आणि लगेच ती खाऊनही टाकतो. तळाशी काचेच्या गोट्यांचा थर दिला की अंडी फटींत सुरक्षित राहतात.

पिल्ले फार झाली तर ती दुसऱ्या हौशी माणसास द्यावीत. गोमतीत सोडू नयेत. दक्षिण अमेरिकेतील चिलखती कॅटफिश २०२० साली वाराणसीजवळ गंगेत सापडला. तो कोणाच्या तरी काचपेटीतूनच निसटला असला पाहिजे. भारतीय माशांच्या जातींची नोंद व जतन करणारी राष्ट्रीय संस्था लखनौतच आहे, तेथे तरी ही चूक शोभणार नाही.

गोरामीची तऱ्हा निराळी. हवेतला प्राणवायू थेट घेणारे इंद्रिय त्याला असल्याने वीज गेली तरी त्याला तितकी भीती नाही. नर वनस्पतींचे तुकडे गुंफून पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो आणि त्यातील अंड्यांवर पहारा करतो. घरटे असेपर्यंत त्या पेटीची तोटी जवळजवळ बंदच ठेवावी लागते. पाणी हलले की घरटे विस्कटते.