चपळ मोटार आणि पेट्रोलचा हिशेब

घरात नवी मोटार आली की शेजारीपाजारी तिचा रंग पाहतात, दार उघडून बैठक चाचपतात, आणि मग महाराष्ट्रात हटकून विचारला जाणारा प्रश्न विचारतात, "किती देते?" मोटार साधी, संसारी असेल तर मालक लिटरमागे किलोमीटरांचा आकडा मोठ्या अभिमानाने सांगतो. ती शर्यतीच्या घाटाची, टर्बो बसवलेली, दीडशे-पावणेदोनशे अश्वशक्तीची असेल तर तो किंचित घुटमळतो आणि 'हौसेला मोल नाही' असे म्हणून विषय बदलतो. हौसेला मोल नसेलही. परंतु हीच मोटार सकाळी मुलांना शाळेत पोहोचवते, दहा वाजता कचेरीत नेते, संध्याकाळी मंडईत जाते, आणि तिने प्यालेल्या पेट्रोलचा आकडा दरमहा घरच्या जमाखर्चात येऊन बसतो. मग कोणी म्हणतो, मोटार विकावी. कोणी म्हणतो, मुळात घ्यायलाच नको होती. या वादात पडण्यापूर्वी एका प्रश्नाचा विचार करणे बरे: अशा मोटारीचा चपळपणा न गमावता तिची रोजची भूक आटोक्यात आणता येईल काय? पुष्कळ अंशी येईल. आणि ते काम चालकाच्या उजव्या पायाकडे व डाव्या हाताकडे आहे.

या बाबतीत अमेरिकेतील एक हकीकत मोठी गमतीची आहे. फार पेट्रोल खाणाऱ्या नव्या मोटारींवर जादा कर बसवण्याचा कायदा तेथे १९७८ साली झाला व १९८० सालच्या मोटारींपासून तो लागू झाला. शेवरोले कंपनीची कॉर्व्हेट ही तेथील नामांकित वेगवान मोटार. तिचे इंजिन आठ सिलिंडरांचे, ५.७ लिटरांचे. १९८९ साली तिला सहा गिअरांची नवी पेटी देण्यात आली आणि तिच्यात एक युक्ती योजण्यात आली. चालक हलक्या पायाने, संथपणे निघाला असेल तर पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाण्याची वाटच बंद व्हावी आणि दांडा सरळ चौथ्यात जाऊन पडावा, अशी ती व्यवस्था होती. पाय जोराने दाबला तर मात्र वाट मोकळी. सरकारी चाचणीतील चाल संथ असल्यामुळे तेथे ही युक्ती लागू पडे व मोटार करातून सुटे. मालकांना हा सक्तीचा उपदेश रुचला नाही, हे सांगावयास नकोच. ते कुलूप निकामी करणारी लहानशी उपकरणे लवकरच बाजारात आली आणि ती खपलीही. पण या प्रकरणात सिद्ध झाले ते एवढे की इंजिन तेच, वजन तेच, चाके तीच. केवळ गिअर बदलण्याच्या क्रमाने पेट्रोलच्या खर्चात असा फरक पडतो की त्यावर कर बसावा की न बसावा हे ठरते.

असे का व्हावे? मध्यम आकाराच्या मोटारीला सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाण्यास दहा-बारा अश्वशक्ती पुरते. ताशी १०० ला सोळा-अठरा. तबेल्यात दीडशे घोडे आहेत आणि टांग्याला जुंपलेले दहाच, अशी ही स्थिती. उरलेले घोडे काम करीत नाहीत म्हणून चंदी खात नाहीत असे मात्र नाही. इंजिनाचे दट्टे वरखाली होत राहतात, त्यांचे घर्षण चालूच असते, आणि इंजिनाचे फेरे जितके जास्त तितकी ही चंदी जास्त.

याहून सूक्ष्म असे दुसरे कारण आहे. पेट्रोल इंजिनात हवा आत येण्याच्या वाटेवर एक झडप असते. पाय हलका ठेवला की ती जवळजवळ मिटते आणि दट्ट्यांना हवा ओढून घ्यावी लागते. नाकपुड्या चिमटीत धरून धावणाऱ्या माणसासारखी इंजिनाची अवस्था होते. खालच्या गिअरमध्ये, मोठ्या आवाजात, पण हलक्या पायाने चालवणे ही म्हणूनच सर्वांत खर्चिक रीत. तोच वेग वरच्या गिअरमध्ये ठेवला की फेरे कमी होतात, झडप अधिक उघडते, इंजिन मोकळा श्वास घेते. तेव्हा पहिला गिअर केवळ हलण्यापुरता, दुसरा-तिसरा थोडाच वेळ, आणि वेग हवा तेवढा झाला की सर्वांत वरचा, हा क्रम योग्य होय. कित्येकांची अशी समजूत असते की वेग वाढवताना पाय जितका भित्रा तितकी बचत मोठी. ती बरोबर नाही. मध्यम दाबाने, गिअर लवकर बदलत, ठरल्या वेगाला पोहोचावे हे अधिक हिताचे.

याला मर्यादाही आहे. टर्बो बसवलेल्या आधुनिक इंजिनावर फेरे दीड हजारांच्या खाली असताना एकदम जोर टाकू नये. तसे केल्यास सिलिंडरात अवेळी पेट होऊन इंजिनाला इजा होण्याचा संभव असतो. मोटार हादरू लागली की एक गिअर खाली यावे, हेच तिचे सांगणे असते. उलट पाय पूर्ण दाबला असता अनेक इंजिने टर्बोची उष्णता आवरण्यासाठी गरजेपेक्षा अधिक पेट्रोल आत सोडतात. मालवाहू गाडी ओलांडताना तो खर्च रास्तच आहे. सिग्नल सुटताच दरवेळी तो करणे ही वेगळी गोष्ट.

परंतु गिअर सुधारूनही ज्याची बचत होत नाही त्याने ब्रेककडे पाहावे. पेट्रोल जळते इंजिनात. वाया जाते ते ब्रेकमध्ये. चौदाशे किलो वजनाची मोटार ताशी ६० वरून ब्रेक दाबून थांबवली की सुमारे १९४ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकच्या तबकड्या तापवून हवेत जाते. पेट्रोलच्या एका लिटरात ३२ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. तिच्यातील पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो असे धरले तर त्या एका थांब्याची किंमत सुमारे २४ मिलिलिटर, म्हणजे चहाचे पाच चमचे होते. असे चाळीस थांबे झाले की एक लिटर गेले. वेग ताशी १०० असता हीच किंमत पावणेतीन पट होते, कारण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. चपळ मोटारीचा दोष येथेच उघडा पडतो. ती दोन सिग्नलांमधले अंतर लीलया तोडते, ताशी साठाला पोहोचते, आणि पुढच्या तांबड्या दिव्याशी, मागून सावकाश आलेल्या रिक्षाच्या शेजारी, तितक्याच निमूटपणे उभी राहते. दोघांना वेळ सारखाच लागला. पाच चमचे मात्र एकाचेच गेले.

यावर उपाय म्हणजे दृष्टी लांब ठेवणे. दोनशे मीटरांवर दिवा तांबडा दिसला की त्याच क्षणी पाय उचलावा, पण गिअर काढू नये. आजच्या मोटारींत पेट्रोल सूक्ष्म तोट्यांतून फवारले जाते. गिअर घातलेला, पाय उचललेला आणि फेरे पुरेसे असले म्हणजे या तोट्या पूर्ण बंद होतात व मोटार स्वतःच्या गतीने इंजिन फिरवते. त्या अवधीत पेट्रोलचा खर्च शून्य असतो. दिव्याशी पोहोचेपर्यंत तो हिरवा झाला तर थांबण्याचे पाच चमचेही वाचले. पुढच्या वाहनापासून अंतर राखण्याचाही हाच लाभ. जवळ चिकटून जाणाऱ्याला पुढच्याच्या प्रत्येक लहरीबरोबर ब्रेक दाबावा लागतो.

येथे एका जुन्या आणि घातक समजुतीचा समाचार घेणे अगत्याचे आहे. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी, किंबहुना इंजिनच बंद करावे, म्हणजे पेट्रोल वाचते, असे अनेक घरांत वडीलधारी माणसे सांगत आली. ज्या काळी त्यांच्या हाती प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसडर होती त्या काळी या म्हणण्यात थोडे तथ्य होते, कारण कार्ब्युरेटरच्या इंजिनात गिअर घालून उतरतानाही काही पेट्रोल ओढले जाई. आजच्या मोटारीत हिशेब उलटा आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतः चालू राहण्यासाठी पेट्रोल घेते. गिअरमध्ये ते काहीच घेत नाही. म्हणजे ही युक्ती पैसाही वाचवत नाही, आणि धोका केवढा! इंजिनाचा आवर सुटल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापून निकामी होऊ लागतात. इंजिन बंद केले असेल तर ब्रेकला मिळणारे यांत्रिक साहाय्य दोन-तीन दाबांत संपते, पायाखालची पट्टी दगडासारखी होते, चक्रही जड होते. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे महामार्ग उतरतो. तेथे २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. खंडाळ्याचा असो की कात्रजचा, उतार गिअर घालूनच उतरावा. आणि घरातील वडीलधाऱ्यांना हे सांगताना त्यांच्या काळची मोटार निराळी होती हे आवर्जून सांगावे, म्हणजे त्यांचा मानही राहतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येण्यासारख्या आहेत. वेगवान मोटारीचे टायर रुंद असतात; त्यांत हवा कमी असली की ते अधिक चेपतात आणि लोळत्या चाकाचा रोध वाढतो. महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे हवा भरून घ्यावी. टपावरचा कॅरिअर प्रवासानंतर उतरवावा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेले की तो दीडपटीहून किंचित अधिक होतो, आणि पन्नास किलोमीटरांच्या वाटेत वाचतात ती साडेसात मिनिटे. ती मिनिटे कधी मोलाची असतात, कधी नसतात. ज्याचे त्याने पाहावे. थंड इंजिन फार खाते, म्हणून बँक, दवाखाना आणि भाजी यांसाठी तीनदा मोटार काढण्यापेक्षा एकाच फेरीत तिन्ही कामे उरकणे उत्तम. शाळेच्या फाटकाशी वातानुकूलन लावून अर्धा तास इंजिन चालू ठेवणे ही सवय मात्र सुटायला हवी. मोटार जागची हलत नाही आणि एका दिवसाच्या कचेरीच्या वाटेतले बरेचसे पेट्रोल उडून जाते.

महागड्या पेट्रोलविषयीही बराच गैरसमज आढळतो. ऑक्टेनचा आकडा मोठा म्हणजे ताकद मोठी, असे नव्हे. दाबाखाली अवेळी न पेटण्याचा तो गुण आहे. पेट्रोलच्या झाकणाच्या आत ९५ किंवा त्याहून मोठा आकडा लिहिलेला असेल तर तसेच पेट्रोल भरावे, कारण हलके पेट्रोल दिल्यास इंजिन स्वतःला जपण्यासाठी ठिणगी उशिरा टाकते व ताकद आणि बचत दोन्ही घटतात. तसे लिहिलेले नसेल तर जादा पैसे बहुधा व्यर्थच. इथेनॉलच्या एका लिटरातील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. त्यामुळे शेकडा २० इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ऊर्जा शेकडा सहा-सात कमी भरते. मोटार पूर्वीपेक्षा थोडी कमी 'देऊ' लागली तर मेकॅनिककडे धावण्यापूर्वी हेही ध्यानात घ्यावे.

आणि हे सारे करून फरक पडला की नाही हे कसे कळणार? पुढ्यातील पडद्यावरचा आकडा अनेकदा मालकाला खूश ठेवणारा असतो. पेट्रोलपंपावर नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, किलोमीटर टिपावेत, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच भरावी, आणि गेलेल्या किलोमीटरांना भरलेल्या लिटरांनी भागावे. एका टाकीवर विसंबू नये. चार टाक्यांची सरासरी घ्यावी. पहिल्या चार टाक्यांत चालवण्याची रीत मुद्दाम मुळीच बदलू नये, म्हणजे तुलनेला खरा आधार मिळतो. पाचव्या टाकीपासून गिअर लवकर आणि ब्रेक उशिरा नव्हे तर कमी, असा क्रम सुरू करावा. घरात दुसरे कोणी तीच मोटार चालवीत असेल तर त्याच्या टाक्या वेगळ्या टिपाव्यात. मोटारीविषयीच्या वादातील बराचसा भाग त्या वहीत मिटण्याचा संभव आहे.